मधल्या इंजिनाचं तोंड

१

नव्या डिझेलच्या मधल्या युनिटच्या मोटारी जळाल्या, तेव्हा कंपनीच्या तपासनिसाला मनातून इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्याने नाकाला रुमाल लावला. जळक्या वार्निशाच्या वासाचं निमित्त होतंच. बाकीचे खोकत होते, तसा तोही खोकला.

गाडी चढाच्या निम्म्यावर अडली होती. मागे खडीने भरलेल्या वाघिणी, त्यांच्यामागे मोठ्या साहेबांचा खास डबा आणि पुढे हे नवंकोरं डिझेल. डिझेल म्हणजे एक इंजिन नव्हे, एकमेकांना जोडलेली तीन युनिटं. पहिल्याला ड्रायव्हरची केबिन, शेवटच्यालाही केबिन, पण तिचं तोंड मागे. मधल्याला केबिन नाही, काच नाही, दिवा नाही. दोन्ही टोकांनी सारखाच दिसणारा नुसता लोखंडी पेटारा. ड्रायव्हर एकटा, पहिल्यात बसलेला. तो दांडी ओढणार आणि केबलमधून जाणारा त्याचा हुकूम तिन्ही युनिटं एकदम पाळणार, अशी ही करामत होती. ही करामत ज्या डिझाइनरच्या डोक्यातून निघाली तो आता रुळाच्या कडेला गुडघ्यावर बसून मधल्या युनिटखाली बघत होता. त्याचा पांढरा शर्ट काळा झाला होता. तो तपासनिसाचा साडू होता.

साडू म्हणजे काय ते ज्याला आहे त्यालाच कळतं. भावाशी भांडता येतं, मित्राला सोडता येतं. साडू मात्र प्रत्येक कार्याला शेजारच्याच खुर्चीवर येऊन बसतो. तपासनिसाने थोरली मुलगी केली तेव्हा त्या घरात तो एकटाच जावई होता आणि सासूबाई त्याला विचारल्याशिवाय पडद्याचं कापडसुद्धा आणत नसत. मग धाकटीचं लग्न झालं आणि हा आला. हा शिकलेला, हा हसरा, याला घरातली बंद पडलेली घड्याळं दुरुस्त करता येत. त्याने सासूबाईंना भिंतीवर एक फळी ठोकून दिली, तर त्या आल्यागेल्याला ती फळी दाखवायच्या. "बघा, स्क्रूच्या खाचासुद्धा सगळ्या उभ्या, एका रेषेत. आमच्या धाकट्यांचं काम असं असतं." तपासनिसाने त्याच घरात तीन खोल्यांना रंग दिला होता. त्याचा उल्लेख कधी कोणी केला नाही.

एकटे सासरे मात्र फिरले नव्हते. ते शेडमध्ये इंजिनं फिरवायच्या टर्नटेबलवर कामाला होते, निवृत्तीला आलेले. त्यांच्या लेखी थोरला जावई तो थोरलाच. "वाफेवर वाढलेला माणूस आहे," ते म्हणायचे, "हात काळे करून वर आलाय." त्या घरात तपासनीस अजून जात होता तो या एका माणसाच्या जोरावर. बाकी सगळं धाकट्याने नेलं होतं, ही एक जागा तेवढी नेता आली नव्हती.

मोठे साहेब खडीवरून तोल सावरत पुढे आले. त्यांनी जळकं युनिट पाहिलं, मग डिझाइनरकडे, मग तपासनिसाकडे.

"उद्या सकाळी मला रिपोर्ट हवा," ते म्हणाले. "दोष डिझाइनचा की माणसाचा, एवढंच लिहा. डिझाइनचा असेल तर हा डिझेलचा खेळ आजपासून बंद, आणि डिझाइनरनेही दुसरी नोकरी बघावी. माणसाचा असेल तर तो माणूस मला परत फाटकाच्या आत दिसता कामा नये. मग तो कितीही जुना असो."

"साहेब, हे माझे साडू लागतात," तपासनीस म्हणाला. नियम म्हणून सांगणं भाग होतं.

"मग तर उत्तमच," साहेब म्हणाले. "तुम्ही त्यांना पाठीशी घालाल अशी भीती नाही. मलाही साडू आहे."

२

एक जुनं वाफेचं इंजिन बोलावून डिझेल शेडमध्ये परत ओढून नेण्यात आलं. त्या इंजिनाने वाटेत एवढा धूर ओकला की नव्या नवरीसारखी नटलेली तिन्ही युनिटं शेडमध्ये पोचेपर्यंत काजळीने माखली.

तपासनिसाने दुपारी कामाला हात घातला. डिझेल त्याला मनापासून आवडत नसलं, तरी काय झालं असावं ते ओळखायला त्याला वेळ लागला नाही. पहिल्या आणि तिसऱ्या युनिटच्या मोटारी गरम होत्या, पण शाबूत. जळालं ते फक्त मधलं. पुढचं ओढतंय, मागचं ढकलतंय आणि मधलं हट्टी बैलासारखं उलट दिशेला जोर लावतंय, असं झालं तरच हे होतं.

आता मधलं उलटं का गेलं? याला दोनच उत्तरं होती. युनिटला ड्रायव्हर दिसत नाही, रूळ दिसत नाही. केबलमधून 'पुढे' असा हुकूम आला की ते बिचारं आपलं जे तोंड असेल तिकडे निघतं. शेवटच्या युनिटचं तोंड मागे असतं, म्हणून त्याच्या आधी पिळाची केबल लावायची; तिच्यात दोन तारांची अदलाबदल केलेली असते आणि 'पुढे'चं 'मागे' होतं. पहिल्या दोघांची तोंडं एकाच दिशेला, म्हणून त्यांच्यात सरळ केबल. तेव्हा एकतर केबल चुकीची लागली होती, नाहीतर मधलं युनिटच उलटं जोडलं गेलं होतं.

त्याने केबल पाहिल्या. पहिल्या दोघांत सरळ होती, मागच्या दोघांत पिळाची होती. अगदी बरोबर.

मग मधल्याचं तोंड. ज्याला दोन्ही टोकं सारखी त्याचं तोंड कळावं म्हणून साडूने त्याच्या एका बाजूला, खालच्या तुळईवर, बाणाच्या आकारात कापलेली एक पितळी पट्टी बसवली होती. बाण जिकडे, तिकडे तोंड. तपासनीस वाकला. बाण पुढेच होता. तेही बरोबर.

माणसांनी सगळं बरोबर केलं होतं आणि तरीही इंजिन उलटं गेलं होतं. म्हणजे दोष आतल्या तारांचा, डिझाइनचा. इतकं सरळ उत्तर आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या पदरात पडत होतं. आज संध्याकाळीच सासूबाईंकडे जाऊन यावं, असंही त्याच्या मनात आलं.

पण एक सल होता. युनिटं सुटी झाली होती ती त्याच्याच हुकमाने. आदल्या दिवशी डिझेल कारखान्यातून जोडलेलंच आलं होतं, सरळ चढावर नेता आलं असतं. पण सगळे साडूची पाठ थोपटत होते ते बघून तपासनीस म्हणाला होता, "चाकं पिटावर घेऊन बघितल्याशिवाय मी पास करणार नाही." शेडमधल्या पिटांवर, म्हणजे रुळांखालच्या तपासणीच्या खड्ड्यांवर, वाफेचं एक इंजिन मावेल एवढीच जागा. म्हणून तिन्ही युनिटं सोडवली, एकेक करून टर्नटेबलवरून आत नेली, एकेक करून बाहेर काढली आणि सकाळी घाईघाईत परत जोडली. चाकांना काही झालं नव्हतं, हे त्याला आधीच माहीत होतं. आणि सकाळी सगळे फोटोसाठी पुढे गोळा झाले, साडू मध्यभागी, तेव्हा तो शेडच्या भिंतीआड जाऊन सिगारेट ओढत बसला होता. पासवरची सही त्याने उभ्या उभ्या उरकली होती.

डिझाइनचा दोष लिहायचाच, पण कोणी बोट ठेवू नये म्हणून चार माणसांशी बोलून लिहायचा, असं त्याने ठरवलं.

३

पहिले भेटले ड्रॉइंग ऑफिसचे हेड. त्यांना सगळा कारखाना 'दांडेवाले' म्हणायचा. तिन्ही युनिटं लोखंडी दांड्याने कायमची सांधून टाकावीत, सोडवण्याची सोयच ठेवू नये, असं त्यांचं डिझाइन होतं. साडूचं डिझाइन मंजूर झालं आणि त्यांचं कपाटात गेलं, तेव्हापासून त्यांना भूक लागत नव्हती असं म्हणत.

"मी काय म्हणालो होतो?" त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "अहो, संसार आहे तो. आज जोड, उद्या सोड, हे काय? माझ्या डिझाइनमध्ये एकदा जोडलं की जोडलं. कोण कुठे तोंड करून उभा आहे हा प्रश्नच नाही."

"पण एक बिघडलं की तिन्ही शेडमध्ये अडकून पडणार," तपासनीस म्हणाला. साडूचं म्हणणं आपल्या तोंडून बाहेर पडतंय हे लक्षात येऊन तो वरमला.

"पडू देत! बाहेर तरी नीट पडतील."

"दुपारी शेडमध्ये तुम्ही होता?"

"आलो होतो. बघायला. खोटं कशाला बोलू, डोळे निवले." दांडेवाल्यांनी चष्मा पुसला. "मोटारी बघितल्या आणि साहेबांच्याच गाडीतून परत आलो. हात कशालाही लावला नाही. पाडायला आपण कशाला जावं? आपोआप पडतंय ते बघण्यात मजा जास्त असते."

हा माणूस आपल्यासारखाच बोलतोय, हे तपासनिसाला आवडलं नाही. तो लवकर उठला.

दुसरा होता वाफेच्या इंजिनांचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, वस्ताद. डिझेल ओढून आणलं ते त्यानेच. युनियनचाही तोच पुढारी. तीन इंजिनं म्हणजे तीन ड्रायव्हर आणि तीन फायरमन हवेत, असं त्याने ठणकावून सांगितलं होतं. त्यावर कंपनीने डोकं लढवलं. तिन्ही युनिटांना मिळून एकच नंबर दिला आणि पुढे अ, ब, क लावलं. कागदोपत्री इंजिन एक, म्हणून ड्रायव्हरही एक.

"तिघांचं काम एकाला दिलं," वस्ताद म्हणाला. "आणि तो एक कोण? कालचं पोर, ज्याला मी फावडं धरायला शिकवलं. जळणार नाही का माणूस?"

"म्हणून तुम्ही काही केलंत?"

वस्ताद हसला. "साहेब, मला पाडायचं असतं तर ढोल वाजवून पाडलं असतं. लपूनछपून करायला मी काय कारकून आहे? आणि करू काय? त्याच्या आत नुसत्या तारा. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही."

"परत आणल्यावर शेडमध्ये कोण कोण होतं?"

"मी इंजिन सोडून पाणी भरायला गेलो. दांडेवाले येऊन गेले. तुमचे सासरे टर्नटेबलवर होते. आणि तुमचे साडू. ते तर त्या युनिटपाशी असे बसले होते, जसं कोणी घरचं गेलंय." वस्ताद थोडा घुटमळला. "वाईट वाटलं हो मला. मला डिझेल नको, पण माणूस वाईट नाही."

त्याच्याबद्दल वाईट बोलायला शत्रूसुद्धा तयार नाही, हे ऐकून तपासनीस वैतागून निघाला.

४

सासरे टर्नटेबलच्या कठड्याला टेकून बसले होते. टर्नटेबल म्हणजे गोल खड्ड्यावरचा फिरता पूल. इंजिन त्यावर घ्यायचं, फिरवायचं आणि हव्या त्या रुळावर सोडायचं. हे काम त्यांनी आख्खी हयात केलं होतं. आता कानाला थोडं कमी ऐकू यायचं, म्हणून लोक त्यांना हाताने खूण करायचे.

"या जावईबापू," त्यांनी सरकून जागा दिली. "ऐकलं मी. धाकट्यांचं खेळणं मोडलं म्हणे."

"मोडलं बाबा."

"मला त्यांचं वाईट वाटतं. पोरगं हुशार आहे, पण पुस्तकातलं. तुम्ही असता तर हे होऊ दिलं नसतं." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. तपासनीस त्या थापेने एवढा सुखावला की काय विचारायला आलो होतो ते विसरला.

"काल तिन्ही युनिटं तुम्हीच फिरवलीत ना?" त्याने आठवून विचारलं.

"मग दुसरं कोण? पहिल्याचं तोंड पुढे, शेवटच्याचं मागे, ते दिसतंच. मधल्याला तर मेल्याला तोंडच नाही!" सासरे खुशीत हसले. "शेडमधली पोरं विचारत बसली, आता हे कुठून पुढे आणि कुठून मागे. मी म्हटलं, बाजूला व्हा. मी नजरेने ओळखलं. माझ्या हातून एकही इंजिन कधी शेपटीकडून बाहेर गेलेलं नाही."

"तुमचं काम आम्हाला माहीत नाही का," तपासनीस म्हणाला आणि उठला. म्हाताऱ्याला कोणी बोट लावू शकणार नाही याचं त्याला बरं वाटलं. आता फक्त मोटारींचे नंबर टिपून घ्यायचे आणि घरी जायचं.

मधल्या युनिटपाशी पोचून नंबर लिहिताना मात्र त्याची पेन्सिल थांबली. सगळं युनिट काळंकुट्ट होतं. पितळी बाणाभोवतीची तेवढी एक वीतभर जागा स्वच्छ पुसलेली होती.

५

आता यात काय विशेष, असं कोणीही म्हणेल. कोणीतरी बाण बघायला आलं असेल, काजळी पुसून गेलं असेल. तपासनिसानेही स्वतःला तेच सांगितलं आणि निघाला. चार पावलांवर जाऊन परत आला. बाण बघायचा तर बोटाने बाण पुसतात. भोवतालचा रंग कशाला पुसतील?

तो खाली बसला आणि त्याने स्क्रू पाहिले. पट्टीला दोन स्क्रू होते. दोन्हींच्या खाचा उभ्या, एका रेषेत.

तो बाकीच्या युनिटांवरच्या नंबरांच्या पट्ट्या बघून आला. कारखान्यात बसवलेले स्क्रू, एकाची खाच आडवी तर दुसऱ्याची तिरकी. असे सरळ रेषेतले स्क्रू त्याने जगात एकाच ठिकाणी पाहिले होते, सासूबाईंच्या भिंतीवर. शेडमधल्या दुसऱ्या कोणाच्याही नजरेला ते आले नसते. पण त्या फळीखाली बसून त्याने इतके चहा प्यायले होते आणि इतक्या वेळा जळला होता, की त्या खाचा त्याला झोपेतही दिसत. मत्सराचं एवढं बरं असतं, नजर तेज होते.

त्याने स्क्रूड्रायव्हर मागवला आणि पट्टी काढली. पुसून निस्तेज झालेल्या रंगावर कोरा, चकचकीत बाण उमटलेला होता. काजळी बसली तेव्हा पट्टीखाली झाकलेली राहिलेली जागा. पण त्या कोऱ्या बाणाचं टोक मागे होतं. आणि आता जिकडे पट्टीचं टोक होतं तिथे, पट्टीच्या दोन्ही पाखांखाली, काजळी होती.

म्हणजे गाडी चढावर अडली तेव्हा बाण मागे दाखवत होता. युनिट उलटंच जोडलं गेलं होतं. धुरात माखून परत आल्यावर कोणीतरी पट्टी काढली, फिरवली, परत बसवली आणि भोवतालची काजळी पुसली. डिझाइन निर्दोष होतं.

आणि त्याच क्षणी सासऱ्यांचं बोलणं त्याच्या डोक्यात लख्ख झालं. मी नजरेने ओळखलं. त्याने मान वर करून पाहिलं. युनिटच्या टपावर धूर सोडायचं नळकांडं होतं, एका टोकाच्या जवळ. वाफेच्या माणसाला विचारा, इंजिनाचं तोंड कुठे? जिथे धुराडं तिथे. मुलालाही कळतं. सासऱ्यांनी धुराडं पुढे घेतलं होतं, मोठ्या अभिमानाने. साडूने मात्र या युनिटचं तोंड ठरवलं होतं दुसऱ्या टोकाला.

पण मग पट्टी साडूनेच का फिरवली? बाण मागे आहे हे साहेबांना दाखवलं असतं तर तो जागच्या जागी सुटला असता. स्वतःला वाचवणारा पुरावा स्वतःच्या हाताने उलटा करून ठेवणारा माणूस वेडा असला पाहिजे.

६

साडू ड्रॉइंग ऑफिसमध्ये एकटाच होता. टेबल आवरत होता. पट्ट्या, कंपास, पेन्सिली एका पेटीत भरत होता. तपासनिसाने पितळी बाण त्याच्यापुढे ठेवला.

"खाचा उभ्या ठेवल्यात," तो म्हणाला.

साडूने बाणाकडे पाहिलं. "सवय," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

या घटकेची तपासनिसाने किती वाट पाहिली होती! धाकटा पुढ्यात मान खाली घालून बसलाय आणि पुरावा आपल्या हातात. पण चव लागेना.

"का केलंत?"

"दादा, तुम्हाला कळलंय. उगाच कशाला विचारता?"

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"चढावर गाडी अडल्याबरोबर मी पलीकडच्या बाजूला गेलो, तेव्हाच बाण दिसला. त्या बाजूला दुसरं कोणी आलं नव्हतं. मी साहेबांना हाक मारणार, तेवढ्यात ते म्हणाले, माणसाचा दोष असेल तर तो फाटकाच्या आत दिसता कामा नये." साडूने पेटीचं झाकण लावलं. "माझं हे डिझाइन पडलं तर मी दुसरं काढीन. बाबांनी दुसरं काय काढायचं? त्यांच्याजवळ ते एकच आहे, एकही इंजिन शेपटीकडून बाहेर गेलं नाही."

तपासनिसाने स्टूल ओढून घेतलं.

"आणि चूक माझीही आहेच," साडू म्हणाला. "मधल्याला मी तोंडच दिलं नाही. एवढासा बाण लावला आणि समजलो झालं."

"तुमचं घर? मेव्हणीला काय सांगणार होता?"

"तिला काय, ती म्हणेल भाऊजींना विचारा." तो हसला, पण लगेच त्याचा चेहरा उतरला. "खरं सांगू? मी काही संत नाही. लग्न झाल्यापासून बघतोय. सासूबाई माझं कौतुक करतात ते मला फुकट मिळालेलं आहे, फळ्या ठोकून. बाबांनी मला एकदासुद्धा नीट विचारलं नाही. त्यांच्या तोंडी सारखं तुम्ही. थोरले असे, थोरले तसे. मी जळायचो हो. वाटलं, एकदा तरी त्यांच्यासाठी असं काहीतरी करावं जे थोरल्यांनी केलेलं नाही. त्यांना कळलं नाही तरी चालेल."

तपासनिसाला हसावं की रडावं ते कळेना. इतकी वर्षं तो ज्याच्यावर जळत होता तो शेजारच्या खुर्चीवर बसून त्याच्यावर जळत होता! पण समाधान काही झालं नाही, उलट जुनी आग नव्याने भडकली. म्हणजे इथेही हाच पुढे. नोकरी सोडून द्यायला निघाला, तेही कोणाला न सांगता. आणि आपण काय केलं? चाकं बघायचं खोटं निमित्त काढलं आणि न बघता सही ठोकली. युनिटं सुटली नसती तर टर्नटेबलवर चढलीच नसती.

"तुमच्या डिझाइनवर दोष लिहिणार नाही मी," तो म्हणाला.

"मग बाबांवर लिहाल?" साडू ताडकन उठला. "दादा, पाया पडतो, हवं तर..."

"गप्प बसा," तपासनीस म्हणाला. "दर वेळी मोठं तुम्हीच व्हायचं, असा काही नियम नाही."

७

सकाळी मोठ्या साहेबांनी रिपोर्ट वाचला. डिझाइन निर्दोष. युनिटं सोडवण्याची गरज नव्हती. ती तपासनिसाने सोडवायला लावली. मधलं युनिट उलटं बाहेर आलं, कारण टर्नटेबलपाशी उभं राहून तपासनिसानेच तशी हाताने खूण केली. जोडल्यावर बाण न बघता सही केली, तीही त्यानेच. पुढे मधल्या युनिटच्या दोन्ही टोकांना, दोन्ही बाजूंना, 'पुढे' आणि 'मागे' अशी हातभर मोठी अक्षरं रंगवावीत.

त्यात खूण केल्याचं तेवढं एक वाक्य खोटं होतं. बाकीचं सगळं खरं होतं, आणि तेच लिहायला त्याला जास्त जड गेलं होतं.

"साडूला वाचवण्यासाठी?" साहेबांनी विचारलं. त्यांचा विश्वास बसत नव्हता.

"नाही साहेब. त्याच्यासाठी तर मुळीच नाही."

साहेबांनी त्याला फाटकाबाहेर काढलं नाही, स्वतःहून लिहून दिलं म्हणून. पण तपासनिसाचा हुद्दा काढून घेतला आणि स्टेशनांवरच्या पाण्याच्या टाक्या तपासायला नेमलं. वाफेची इंजिनं असतील तोवर त्या टाक्या राहणार होत्या.

मोटारी बदलून डिझेल पुन्हा चढावर गेलं ते सगळ्यांच्या देखत, एका दमात. वस्तादसुद्धा रुळाकडेला उभा राहून बघत होता आणि दांडेवाले म्हणे त्या दिवशी आजारी होते. डिझेल परत आलं तेव्हा शेडसमोर गर्दी झाली. टाक्यांचा माणूस गर्दीच्या कडेला उभा होता.

सासरे धुतलेला कोट घालून आले होते. ते सरळ त्याच्याकडेच आले.

"जावईबापू," ते म्हणाले. कमी ऐकू येत असल्यामुळे ते मोठ्याने बोलायचे, आणि गर्दी गप्प झाली. "त्या दिवशी मी तर बरोबर आणत होतो. तुम्ही हात केलात म्हणून मी फिरवलं. मला चांगलं आठवतंय, तुम्ही तिथे उभे होता आणि असा हात केलात." त्यांनी हात करून दाखवला. "माझ्या आख्ख्या हयातीत एक इंजिन उलटं गेलं, ते तुमच्या शब्दावर विसंबलो म्हणून. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं ते बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तो हात आठवत होता.

"चुकलं बाबा," तो म्हणाला.

"आता धाकट्यांनाच विचारत जाईन," सासरे म्हणाले. ते वळले, साडूजवळ गेले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, मला दाखवा तरी, या तुमच्या पेटाऱ्याचं तोंड कसं ओळखायचं ते."

साडूने त्यांच्या डोक्यावरून इकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठ हलत होते. आता सांगतो की मग सांगतो असं झालं होतं. थोरल्याने मान हलवून नाही म्हटलं. मग ते दोघं युनिटच्या बाजूने चालू लागले. सासरे काहीतरी विचारत होते आणि साडू वाकून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन उत्तर देत होता.

थोरला जळला, आजवर कधी जळला नव्हता एवढा. एका वाक्यात सगळं परत मिळालं असतं. फक्त हाक मारायची होती. त्याने तोंड मिटून घेतलं, पिशवी उचलली आणि पाण्याच्या टाकीची शिडी चढायला घेतली.